रिमोट सपोर्ट दर महिन्याला तुटतो? आधी ठरवा, जुना संगणक कोणत्या टोकाला आहे

"मागच्या महिन्यात चालत होतं. मध्ये कुणी हातही लावला नाही. आज लागत नाही."

दूरच्या संगणकांची देखभाल करणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. कुणी काहीच केलेलं नसतं. दोनपैकी एका विंडोजने रात्री स्वतःला अपडेट करून घेतलेलं असतं आणि दुसरं होतं तिथेच बसून असतं. मग फायरवॉल बंद करून पाहतात, अँटिव्हायरस काढून पाहतात, कुठली तरी सेटिंग सैल करतात आणि जमून जातं. पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

माझी पहिली अद्दल मे २०१८ मधली. माझ्याकडे विंडोज १०, समोर विंडोज ७. माझ्याकडून त्यांच्याकडे रिमोट डेस्कटॉप (दूरच्या विंडोजचा पडदा आपल्याकडे उघडायची सोय) लागेना, पण त्यांच्याकडून माझ्याकडे बिनतक्रार लागत होता. मी साहजिकच असा अर्थ काढला की त्यांचं यंत्र ठणठणीत आहे आणि बिघाड माझ्याकडे आहे. अर्धा दिवस माझंच विंडोज १० उकरत बसलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड त्या सात नंबरवाल्याकडे होता, आणि ते उलट दिशेचं कनेक्शन नीट चालणं हीच त्याची खूण होती. कशी, ते पुढे येतंच.

म्हणून आता काही उघडण्याआधी एकच गोष्ट विचारतो: जुनं यंत्र कोणतं, आणि ते कोणत्या टोकाला आहे? ज्याचा पडदा बघायचा तो यजमान, जिथून बघायचं तो पाहुणा, असं आपण इथे म्हणू. दोन्हीकडे रन खिडकीत 'विनव्हर' टाइप करून आवृत्ती कागदावर लिहून घ्या. "विंडोज १० आहे" एवढ्याने भागत नाही; १६०७ आणि २२एच२ ही दोन्ही विंडोज १०च, पण रिमोट सपोर्टच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

क्रेडएसएसपीचा गोंधळ

रिमोट डेस्कटॉप उघडताना पासवर्ड समोरच्या यंत्राकडे पोचवायचं काम क्रेडएसएसपी नावाची यंत्रणा करते. तिच्यात एक गंभीर भगदाड सापडलं आणि मार्च २०१८ मध्ये त्याचा पॅच (भगदाड बुजवणारं अपडेट) आला. मार्चमध्ये मात्र कुणाचं काही अडलं नाही, कारण पॅच बसला तरी जुन्या पद्धतीचं कनेक्शन चालू ठेवलेलं होतं. ८ मे २०१८ च्या अपडेटने ती ढील काढून घेतली आणि मूळ सेटिंग 'व्हल्नरेबल' वरून 'मिटिगेटेड' वर नेली. दुसऱ्या दिवशी जगभरच्या सपोर्टवाल्यांचे फोन वाजायला लागले.

'मिटिगेटेड' दोन्ही दिशांना सारखं वागत नाही. पाहुण्याला पॅच आहे आणि यजमानाला नाही, तर पाहुणाच नकार देतो: मी माझा पासवर्ड अशा यंत्राच्या हाती देणार नाही. उलट पाहुणा बिनपॅचचा आणि यजमान पॅचवाला असेल, तर यजमान त्याला आत घेतो. म्हणून जुन्यावरून नव्याला लागतं आणि नव्यावरून जुन्याला लागत नाही. त्रुटीच्या खिडकीत शेवटच्या ओळीत 'क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ऑरॅकल रेमेडिएशन' असे शब्द दिसले तर शंकाच ठेवू नका: यजमान मागे राहिला आहे.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा तोडगा असा: पाहुण्याच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये, जायचं (कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, क्रेडेन्शियल्स डेलिगेशन), तिथे 'एन्क्रिप्शन ऑरॅकल रेमेडिएशन' चालू करून 'व्हल्नरेबल' निवडायचं. कनेक्शन लगेच लागतं. अडचण अशी की आता तुमचं धडधाकट यंत्र जगातल्या प्रत्येक बिनपॅच यजमानाला पासवर्ड द्यायला तयार झालं, आणि समोरचं यंत्र होतं तसंच राहिलं. आत जायला दुसरी वाटच नसेल तर हा तोडगा एकदाच वापरा, यजमानावर पॅच बसवा आणि त्याच बैठकीत सेटिंग मूळ जागी आणा. "नंतर करू" म्हणालात की ती तशीच राहते, हे स्वानुभवावरून सांगतो.

सात नंबरला पॅच बसत नसेल तर

सांगायला सोपं, पण बरेच दिवस झोपलेल्या विंडोज ७ ला अपडेट करायला गेलात तर ते अपडेटच शोधू शकत नाही. २०१९ च्या मध्यापासून विंडोज ७ ची अपडेट्स फक्त शा-२ पद्धतीने (फाइल खरी असल्याची डिजिटल सही करण्याची नवी पद्धत) सही केलेली येऊ लागली, आणि २०२० मध्ये जुन्या शा-१ वर चालणारी अपडेटची दारंही बंद झाली. ज्या यंत्राला शा-२ ओळखताच येत नाही त्याला विंडोज अपडेटचं पान उघडून उपयोग नाही. मग हाताने करायचं, आणि क्रम महत्त्वाचा (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टने अपडेटला दिलेला क्रमांक):

१. सर्व्हिस पॅक १ आहे का ते बघा. नसेल तर आधी तो.
२. केबी ४४९०६२८. अपडेट बसवणारी यंत्रणाच यातून सुधारते.
३. केबी ४४७४४१९. शा-२ ओळखायची क्षमता यातून येते. रिस्टार्ट करा.
४. केबी ४५३४३१०, म्हणजे १४ जानेवारी २०२० चं मासिक एकत्रित अपडेट. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, त्याच दिवशी संपला.

या फाइल्स मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या. ३२ बिट आणि ६४ बिट वेगळ्या असतात. चुकीची फाइल घेतलीत तर "हे अपडेट या संगणकाला लागू नाही" एवढंच सांगून ती गप्प बसते, नेमकं काय चुकलं ते बोलत नाही.

जोडीला केबी ३०८००७९ बघा. मुळात विंडोज ७ चा रिमोट डेस्कटॉप यजमान म्हणून टीएलएस (कनेक्शन सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० वरच थांबलेला होता. या अपडेटने त्याला १.१ आणि १.२ समजू लागलं. पाहुण्याच्या बाजूने कडक धोरण लावून १.० बंद केलेलं असेल आणि यजमानाकडे हे अपडेट नसेल, तर दोघांना समाईक भाषाच उरत नाही. अशा वेळी येणारा संदेश "अंतर्गत त्रुटी" इतका मोघम असतो की माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

शा-२ चा हिशेब रिमोट सपोर्टच्या इतर साधनांनाही लागू आहे. हल्लीच्या साधनांच्या फाइल्स आणि ड्रायव्हर शा-२ ने सही केलेले असतात. जुन्या सात नंबरवर ते बसताना "प्रकाशक ओळखता येत नाही" असं म्हणाले, तर साधनाला दोष देऊन त्याची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती कुठल्या तरी अनोळखी साइटवरून उतरवू नका. आधी वरचे चार टप्पे पूर्ण करा.

एक्सपी

अजून आहेत. यंत्राला जोडलेला कुठला तरी मापनाचा डबा, त्याचा ड्रायव्हर फक्त एक्सपीवर चालतो, म्हणून एक्सपी. ८ एप्रिल २०१४ ला आधार संपला हे त्या डब्याला कुणी कळवलेलं नसतं.

एक्सपी पाहुणा असेल आणि यजमान नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे एनएलए (पडदा उघडण्याआधीच पासवर्ड तपासणं), मागत असेल तर "तुमचा संगणक त्याला पात्र नाही" असा संदेश येतो. सर्व्हिस पॅक ३ मध्ये ही क्षमता आहे, पण झोपवून ठेवलेली. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) दोन ठिकाणी भर घालावी लागते: एलएसए किल्लीतल्या 'सिक्युरिटी पॅकेजेस' यादीत 'टीएसपीकेजी', आणि 'सिक्युरिटी प्रोव्हायडर्स' यादीच्या शेवटी 'क्रेडएसएसपी डॉट डीएलएल'. आधीच्या नोंदी पुसायच्या नाहीत, फक्त जोडायचं. मग रिस्टार्ट. एक्सपी टीएलएस १.० च्या पुढे जात नाही, त्यामुळे यजमानाने ते बंद केलेलं असेल तर इथेच वाट संपते. यजमानाला 'फोर्स अपडेटेड क्लायंट्स' (त्याच क्रेडएसएसपी सेटिंगचा सगळ्यात कडक पर्याय, बिनपॅच पाहुण्याला नाकारणारा) लावलेलं असेल तरीही तेच.

एक्सपी यजमान असेल तर एनएलए त्याच्याकडे नाहीच. पाहुणा एक इशारा दाखवतो, "होय" म्हटलं की आत नेतो.

इथे माझं मत अगदी कडक आहे. पुष्कळ जण एक्सपी पाहुण्यासाठी नव्या यजमानावरचं एनएलए बंद करून मोकळे होतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड उघड झालं तेव्हा पासवर्ड विचारण्याआधीच यंत्र ताब्यात घेता येत होतं, आणि एनएलए चालू असलेल्या यंत्रांना निदान तेवढा एक अडसर होता. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने आधार संपून पाच वर्षं झालेल्या एक्सपीलाही पॅच दिला. जुन्याला वर ओढायचं, नव्याला खाली आणायचं नाही.

आमंत्रण देऊन मदत घेण्याची साधनं

विंडोजचा 'रिमोट असिस्टन्स' (रनमध्ये 'एमएसआरए') एक्सपीपासून आहे, म्हणून लोकांना वाटतं जुन्या-नव्याची गाठ इथे सहज पडेल. पडते, पण तीन खड्डे चुकवून.

पहिला: व्हिस्टा किंवा त्यानंतरच्या यंत्रावरून बनवलेलं आमंत्रण एक्सपीवर उघडत नसेल, तर आमंत्रण देणाऱ्या यंत्राच्या सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'रिमोट' टॅबवर 'ॲडव्हान्स्ड' उघडा. "फक्त व्हिस्टा किंवा पुढच्या संगणकांवरून वापरता येतील अशी आमंत्रणं तयार करा" अशा अर्थाची खूण तिथे असते. ती काढली की उघडतं.

दुसरा: 'ईझी कनेक्ट'. विंडोज ७ वाल्यांना हा फार आवडायचा, कारण फक्त पासवर्ड सांगितला की काम व्हायचं. तो यंत्रांना एकमेकांना शोधून देणाऱ्या पीएनआरपी नावाच्या सेवेवर उभा होता आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत ती मेघसेवा काढून टाकली गेली. त्यामुळे "आधी चालायचं" हे खरं, आणि आता कितीही प्रयत्न केले तरी चालणार नाही हेही खरं. आमंत्रणाची फाइल जतन करा आणि ती पाठवा.

तिसरा: त्या फाइलमध्ये मदत घेणाऱ्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता असतो. दोघं एकाच नेटवर्कवर असतील तर उत्तम. मध्ये राउटर आला तर तो खासगी पत्ता बाहेरून सापडत नाही. याचा विंडोजच्या वयाशी काही संबंध नाही, पण खापर मात्र जुन्या यंत्रावर फुटतं.

'क्विक असिस्ट' ही राउटरची अडचण सोडवतं, कारण दोन्ही बाजू मायक्रोसॉफ्टच्या सेवेमार्फत ४४३ पोर्टवरून (सुरक्षित वेबसाइट उघडतात त्याच वाटेने) जोडल्या जातात. पण ते विंडोज ७ वर नाही. विंडोज १० मध्येही २०२२ पासून जुनी अंगभूत आवृत्ती बंद झाली आणि ते स्टोअरमधून घ्यावं लागतं, सोबत वेबव्ह्यू २ (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) लागतं. स्टोअरच बंद करून ठेवलेलं यंत्र असेल तर हीच मेख असते. खातं फक्त मदत देणाऱ्याला लागतं, घेणाऱ्याला नाही. पलीकडचा माणूस "माझ्याकडे पासवर्ड नाही" म्हणून अडून बसला असेल तर तो चुकीच्या बटणावर आहे.

ब्राउझरवर चालणारी साधनं वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा की विंडोज ७ साठी क्रोम १०९ वर थांबलं. ११० पासून पुढे विंडोज १० लागतं.

लागलं, पण पडदा काळा

हा वेगळा आजार आहे आणि इथे बहुधा नवं यंत्र यजमान असतं. एक्सपीच्या सवयीने मदत करणाऱ्याला यूएसी, म्हणजे मोठ्या बदलाआधी परवानगी विचारायची विंडोजची सोय, आठवत नाही. परवानगी विचारणारी खिडकी उघडली की विंडोज मूळ पडदा बाजूला ठेवून सुरक्षित पडद्यावर जातं, आणि दूरवरच्याला काळं किंवा गोठलेलं दिसतं. पलीकडच्याला फोनवर सांगा, "पडद्यावर होय-नाही विचारतंय का? होय दाबा." रिमोट असिस्टन्समध्ये ताबा देताना यूएसीच्या प्रश्नांना उत्तर देऊ द्यायची खूण असते, ती आधीच करून घेतली तर हा फोन वाचतो.

समोर मॅक असेल आणि फक्त वॉलपेपर दिसतोय, खिडक्या दिसत नाहीत, तर ते २०१९ च्या कॅटालिना या मॅक आवृत्तीपासूनचं 'स्क्रीन रेकॉर्डिंग' परवानगीचं प्रकरण. पडदा दिसतो पण माउस हलत नाही, तर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी राहिली. दोन्ही प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये आहेत आणि त्या यंत्रासमोर बसलेल्यालाच द्याव्या लागतात. कॅटालिनाने ३२ बिटची ॲप्सही बंद केली, म्हणून जुनं साधन तिथे उघडतच नाही.

लिनक्सवर काळा पडदा दिसला की मी आधी वेलँडकडे (लिनक्सवर पडदा दाखवणारी नवी यंत्रणा) बघतो. जुनी साधनं तिच्या आधीची एक्स ११, म्हणजेच एक्सऑर्ग, धरून लिहिलेली असतात. लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाच्या चिन्हातून एक्सऑर्गचं सत्र निवडता येत असेल तर निवडा. उबुंटू २५.१० मध्ये गनोमसाठी (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) ती सोयच उरली नाही. तिथे सेटिंगमधला अंगभूत रिमोट डेस्कटॉप वापरायचा.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

विंडोज ११ यजमान, वापरणारा रोज पिन टाकून आत जातो. रिमोट डेस्कटॉपला तो पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि त्या यंत्रावर तो कधी टाकलाच नसेल तर बरोबर असूनही नाकारला जातो. साइन-इनच्या पर्यायांत "फक्त विंडोज हॅलो" ही सक्ती बंद करा, त्या यंत्रावर एकदा पासवर्डने आत जा, मग बाहेरून प्रयत्न करा.

जुन्या यंत्रांवर याच्या उलट: खात्याला पासवर्डच नसतो. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज फक्त यंत्रासमोर बसलेल्याला वापरू देतं. पासवर्ड लावा. आणि यजमान 'होम' आवृत्तीचा असेल तर हे सगळं सोडाच. होम आवृत्त्या रिमोट डेस्कटॉपच्या यजमान होत नाहीत, सात नंबरची नाही आणि अकरा नंबरचीही नाही.

तेच दुखणं पुन्हा पुन्हा

दर सोमवारी तुटत असेल, तर जुन्या यंत्राचं घड्याळ बघा. चेष्टा नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा बटण सेल संपला की सुट्टीसाठी मेन स्विच बंद केल्यावर यंत्र कुठल्या तरी जुन्या तारखेला उठतं. त्याच्या दृष्टीने आजची सगळी प्रमाणपत्रं (समोरचं यंत्र खरं असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल फाइल्स) अजून जन्मालाच आलेली नसतात, म्हणून ते सुरक्षित कनेक्शन नाकारतं. घड्याळ आपोआप जुळेल अशी आशा ठेवू नका: स्वतंत्र विंडोज यंत्र मुळात १५ तासांपेक्षा जास्त फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही, आणि इथे फरक वर्षांचा असतो. पलीकडच्याला कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवायला सांगा. हा प्रश्न मी आता अगदी सुरुवातीलाच विचारतो, कारण सेल बदलायला पाच मिनिटं लागतात आणि न विचारता मी काही आठवडे घालवलेले आहेत.

दर सहा महिन्यांनी तुटत असेल तर रिमोट डेस्कटॉपचं स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र बघा. त्याची मुदत तेवढीच असते आणि एरवी ते आपोआप नवं होतं. प्रमाणपत्रांच्या यादीत 'रिमोट डेस्कटॉप' कप्प्यातलं मुदत संपलेलं काढा आणि सेवा पुन्हा सुरू करा. नवं तयार झालं नाही तर 'मशीनकीज' फोल्डरच्या परवानग्या बिघडलेल्या असण्याची शक्यता मोठी.

लागतं आणि मिनिटभराने तुटतं, असं असेल तर घड्याळ लावून मोजा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पाहुणी आणि विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुना यजमान असेल, तर यूडीपीवरचं (पोच न घेता वेगाने माहिती पाठवणाऱ्या पद्धतीवरचं) कनेक्शन ६५ सेकंदांनी तुटत होतं. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला आणि मार्च २०२५ च्या अखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्त केला. अपडेट लगेच करता येत नसेल तर पाहुण्याच्या पॉलिसीत 'टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट' चालू करा. मग कनेक्शन पोच घेत चालणाऱ्या टीसीपीवर जातं; टीसीपीवर काम थोडं संथ होतं, पण टिकतं.

काहीच जमलं नाही तर मधलं यंत्र

एक्सपी वर येत नाही, तुम्ही खाली जायचं नाही. मग मध्ये एक यंत्र ठेवा, दोघांशी बोलू शकणारं. पूर्ण अपडेट केलेलं विंडोज १० किंवा ११ चालतं (१० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे ध्यानात ठेवून). तुम्ही मधल्यावर या, तिथून एक्सपीवर जा. एक्सपीचं इंटरनेट तोडा आणि त्याचं ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) फक्त मधल्या यंत्राच्या पत्त्याला उघडं ठेवा. राउटरवरून ३३८९ थेट बाहेर काढायचा मोह होईल. नको.

फाइल द्यायची असेल तर सामायिक फोल्डरच्या नादी लागू नका. एक्सपीला फक्त एसएमबीची (फोल्डर सामायिक करण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती येते आणि विंडोज १० च्या १७०९ पासून ती मुळात बसवलेलीच नसते. रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस' टॅबवर ड्राइव्ह जोडून पाठवा. दोन टप्पे असल्यामुळे ड्राइव्ह दोन वेळा जोडावा लागतो. दुसऱ्या टप्प्याला विसरणं ठरलेलं आहे.

आणि तिन्ही यंत्रांचे वॉलपेपर वेगवेगळ्या रंगांचे ठेवा. आत-आत दोन सत्रं उघडी असताना 'शट डाउन' नेमकं कोणत्या यंत्रावर दाबतोय हे कळायला मला तरी दुसरा खात्रीचा उपाय सापडलेला नाही. माझ्याकडे एक्सपीचा लाल आहे.